घरगुती आर्केड कॅबिनेटसाठी फ्लाइट जॉयस्टिक निवडताना

आर्केड कॅबिनेट, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असे तसे खेळयंत्र, घरी बांधायला घेतलेला नवखा माणूस फ्लाइट जॉयस्टिक निवडताना आधी मुठीकडे पाहतो. चाप आहे का, अंगठ्याखाली बटण येते का, लढाऊ विमानातल्या दांड्यासारखी दिसते का, एवढे पाहून तो ऑर्डर देऊन मोकळा होतो. मूठ पुढे बदलता येते आणि नाही बदलली तरी फारसे अडत नाही. पण तिच्या बुडाशी कोणता सेन्सर आहे आणि ते बूड कॅबिनेटच्या पॅनेलला कसे आवळता येणार आहे, या दोन गोष्टी एकदा चुकल्या की लाकूडकामापासून सगळे पुन्हा करावे लागते. म्हणून या लेखात निवडीचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी खेळ, मग सेन्सर, मग पॅनेल आणि सर्वांत शेवटी मूठ.

मराठवाड्यात राहून हे काम करणाऱ्यांना एक अडचण आहे आणि एक सोयही आहे. आर्केडचे सुटे भाग ठेवणारे दुकान आपल्याकडे सहसा सापडत नाही, त्यामुळे जॉयस्टिक ऑनलाइनच मागवावी लागते आणि ती हातात घेऊन पाहण्याची संधी मिळत नाही. मात्र छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत, तसेच जालना, लातूर आणि नांदेड येथेही, पत्रा कापून, छिद्रे पाडून, वाकवून देणारे फॅब्रिकेशनवाले आणि लेथवाले आहेत. जॉयस्टिक पक्की बसवण्यासाठी लागणारी पट्टी नेमक्या मापाची करून घेणे त्यामुळे अवघड जात नाही. ही सोय पुढे दोन ठिकाणी कामाला येईल.

पहिली पायरी: खेळांची यादी

कागदावर आपण खरोखर खेळणार आहोत असे आठ-दहा खेळ लिहावेत आणि प्रत्येकापुढे मूळ यंत्रावर कोणते नियंत्रण होते ते नोंदवावे. फ्लाइट जॉयस्टिक दिसायला एकसारखी असली तरी जुन्या यंत्रांत तिचे दोन अगदी वेगळे प्रकार होते. सेगाच्या १९८२ सालच्या ‘झॅक्सन’मध्ये चाप असलेला विमानी दांडा होता, पण आतून तो साधा आठ दिशांचा डिजिटल दांडा होता. पुढे ढकलला की यान खाली उतरे आणि मागे ओढला की वर चढे. किती ढकलला याला अर्थ नव्हता. त्याच वर्षीच्या ‘ट्रॉन’ या खेळातही चापाचा आठ दिशांचा दांडाच होता आणि त्याच्या जोडीला फिरवण्याचा गोल नॉब होता. याउलट सेगाच्याच ‘स्पेस हॅरियर’ (१९८५), ‘आफ्टर बर्नर’ (१९८७) आणि ‘थंडर ब्लेड’ (१९८७) या खेळांत दांडा अॅनालॉग होता, म्हणजे थोडा झुकवला तर थोडे वळण आणि पूर्ण झुकवला तर पूर्ण वळण. अटारीच्या १९८३ सालच्या ‘स्टार वॉर्स’ यंत्रावर तर दांडाच नव्हता, दोन्ही हातांनी धरण्याचे योक, म्हणजे सुकाणूसारखे हँडल, होते.

यादीत पहिल्या प्रकारचे खेळ जास्त असतील तर मायक्रोस्विच (दाबले की जोडणी करणारे छोटे खटके) असलेला, चापाची मूठ बसवलेला डिजिटल दांडा पुरेसा आहे. तो स्वस्त असतो, दुरुस्तीला सोपा असतो आणि वर्षानुवर्षे चालतो. दुसऱ्या प्रकारचे दोन-तीन खेळ जरी मनापासून आवडते असतील तरी अॅनालॉगच घ्यावी. मेम हा जुनी आर्केड यंत्रे संगणकावर चालवणारा प्रोग्राम १९९७ साली निकोला साल्मोरिया यांनी सुरू केला, आणि घरगुती कॅबिनेट बहुधा त्याच्यावरच उभे असते. डिजिटल दांड्यावर अॅनालॉग खेळ सुरू केला की मेम निशाण हळूहळू सरकवून काम भागवतो, पण तो कीबोर्डवर खेळल्यासारखाच अनुभव असतो. अॅनालॉग दांड्यावर डिजिटल खेळ मात्र बऱ्यापैकी खेळता येतात. अपवाद चार दिशांच्या भुलभुलैयाच्या खेळांचा आहे: ‘पॅक-मॅन’सारखा खेळ लांब, लवचीक विमानी दांड्यावर खेळू नये, तिथे प्रत्येक वळण चुकते. त्यासाठी वेगळा आखूड दांडा लागतोच. एका जॉयस्टिकवर सगळे भागवण्याचा हट्ट सोडला तर पुढची निवड सोपी होते.

दुसरी पायरी: बुडाशी काय आहे ते पाहणे

डिजिटल दांड्याच्या बुडाशी चार मायक्रोस्विच असतात. दांडा झुकला की त्या बाजूचा खटका दबतो. प्रत्येक खटक्याला साधारणपणे तीन पाय असतात: सामाईक, ‘नॉर्मली ओपन’ आणि ‘नॉर्मली क्लोज्ड’. आपल्याला सामाईक आणि ‘नॉर्मली ओपन’ हे दोनच पाय वापरायचे असतात. या मापाचे खटके मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातही असतात, त्यामुळे उपकरणे दुरुस्त करणाऱ्याकडे बदली खटका मिळण्याची शक्यता चांगली असते. फक्त वरच्या पत्तीची लांबी आणि पायांची रुंदी जुन्याशी ताडून घ्यावी.

अॅनालॉग जॉयस्टिकमध्ये दोन मार्ग आहेत. पहिला पोटेन्शिओमीटरचा, ज्याला दुकानदार नुसते पॉट किंवा व्हॉल्यूम म्हणतात. त्यात कार्बनच्या पट्टीवरून एक स्पर्शक घासत जातो. घासणे आले म्हणजे झीज आली, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दारे-खिडक्या बंद ठेवूनही जी बारीक धूळ घरात येते ती या झिजेला हातभार लावते. झिजलेल्या पॉटची खूण अशी की दांडा स्थिर धरला तरी निशाण थरथरते. दुसरा मार्ग हॉल सेन्सरचा आहे. दांड्याला चुंबक असतो आणि जवळचा सेन्सर त्याचे क्षेत्र मोजतो. दोन भाग एकमेकांना टेकतच नसल्याने सेन्सर झिजत नाही. तयार यूएसबी जॉयस्टिकपैकी थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम ही हॉल सेन्सरची आहे, शिवाय तिची मूठ डाव्या हातासाठीही बदलता येते. मराठवाड्यातील धूळ आणि ऊन लक्षात घेता, नवी यूएसबी जॉयस्टिक घेणाऱ्याने थोडे जास्त पैसे देऊन हॉल सेन्सरचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हॉल सेन्सर कॅबिनेटच्या स्पीकरच्या मोठ्या चुंबकाजवळ बसवू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे.

जुन्या बाजारात किंवा एखाद्या बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या सामानात पंधरा पिनांची गेमपोर्ट (यूएसबीच्या आधीची जुनी जोडणी) जॉयस्टिक मिळाली तर ती लगेच टाकून देऊ नये. तिचे यांत्रिक अंग, म्हणजे दांडा, स्प्रिंग आणि झुलणारी चौकट, बरेचदा आजच्या स्वस्त जॉयस्टिकपेक्षा दणकट असते. विंडोज व्हिस्टापासून गेमपोर्टचा आधार बंद झाला आहे, त्यामुळे ती थेट जोडता येणार नाही. आतील तारा काढून नव्या बोर्डाला जोडाव्या लागतात. तिच्यातील पॉट साधारण १०० किलोओहमचे असतात आणि त्यांचे दोनच पाय वापरलेले असतात. तेच पॉट ठेवायचे तर तिसरा पायही जोडून घ्यावा, आणि मधला पाय व ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावावा, म्हणजे वाचन स्थिर राहते. त्याहून बरे म्हणजे १० किलोओहमचे नवे पॉट घालणे. दुकानात ‘बी १० के’ असे सांगून मागावे. ‘बी’ म्हणजे फिरवण्याच्या प्रमाणात रोध सरळ वाढणारा. ‘ए’ लिहिलेला पॉट आवाजासाठी असतो, तो जॉयस्टिकला लावला तर एका बाजूला दांडा संथ आणि दुसऱ्या बाजूला अतिचपळ वाटतो.

तिसरी पायरी: संगणकाशी जोडणी

तयार यूएसबी जॉयस्टिक घेतली असेल तर ही पायरी वगळावी. सुटा दांडा घेणाऱ्यांनी मात्र येथे सावध राहावे, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. ‘झीरो डिले’ या नावाने मिळणारा स्वस्त यूएसबी एन्कोडर, म्हणजे तारा संगणकाशी जोडून देणारा छोटा बोर्ड, बटणे आणि डिजिटल दांडे यांच्यासाठी आहे. अॅनालॉग पॉट त्याला जोडून उपयोग नाही. तसेच रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनांना अॅनालॉग व्होल्टेज वाचताच येत नाही. त्यासाठी एमसीपी ३००८ सारखी वेगळी चिप लागते, किंवा सरळ यूएसबीवर बोलणारा दुसरा बोर्ड.

माझ्या मते सर्वांत कमी कटकटीचा मार्ग अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डांचा आहे. या दोन्हींवर एटीमेगा ३२यू४ ही चिप असते आणि ती संगणकाला स्वतःची ओळख थेट जॉयस्टिक म्हणून करून देऊ शकते. अर्डुइनो ऊनो आर३ दिसायला तसाच आणि दुकानांत सहज मिळणारा असला तरी त्याला हे सरळपणे जमत नाही, म्हणून ‘अर्डुइनो द्या’ एवढेच न सांगता नाव नीट सांगावे. पॉटचे कडेचे दोन पाय पाच व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय बोर्डाच्या अॅनालॉग पिनेला जोडला की बोर्ड ० ते १०२३ यांच्यामधला आकडा वाचतो.

इथे एक बारकावा आहे. साधा पॉट जवळजवळ ३०० अंश फिरतो, पण दांडा डावीकडून उजवीकडे मिळून फार तर ६० अंश हलतो. म्हणजे पॉटचा पाचवा भागच वापरला जातो आणि १०२४ पैकी सुमारे २०५ पायऱ्याच हाती येतात. खेळायला तेवढ्या पुरतात, परंतु पॉट बसवताना दांडा मध्यावर असेल तेव्हा वाचन ५१२ च्या आसपास आले पाहिजे. त्यासाठी पॉटचा दांडक्यावरचा स्क्रू सैल ठेवून, संगणकाच्या पडद्यावर आकडा पाहत पॉट हळूहळू फिरवावा आणि आकडा जुळला की स्क्रू आवळावा. नंतर दांडा चारही कोपऱ्यांत नेऊन पाहावे. कुठेही आकडा अचानक उडी मारत असेल तर तो पॉट परत करावा. पॉटच्या शेवटच्या अडणीवर दांड्याचा भार येता कामा नये, नाहीतर पहिल्याच जोराच्या झटक्यात आतील अडणी तुटते. दांड्याला थांबवण्याचे काम बुडाच्या चौकटीचे आहे.

चौथी पायरी: पॅनेल आणि पट्टी

आर्केडच्या आखूड दांड्याला बोटे आणि मनगट लागते. विमानी दांडा मात्र कोपरापासून पूर्ण हाताने ओढला जातो. मुलांच्या हाती गेल्यावर तर तो खांद्यापासून ओढला जातो. मुठीवर दिलेला जोर लांब दांड्यामुळे बुडाशी कित्येक पटींनी वाढतो, आणि म्हणून नुसत्या एमडीएफच्या फळीत लाकडी स्क्रूने बसवलेली जॉयस्टिक काही दिवसांतच डुलायला लागते. १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय आणि त्याच्या खालून ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी, मध्ये दांड्याला जागा आणि चार कोपऱ्यांत ६ मिलिमीटरचे आरपार बोल्ट, रुंद वायसर आणि नायलॉनची कडी असलेले नट, एवढी व्यवस्था पुरते. पट्टीचे चित्र पुठ्ठ्यावर पूर्ण मापात कापून न्यावे. फॅब्रिकेशनवाल्याला तोंडी माप सांगण्यापेक्षा पुठ्ठा दाखवणे कधीही चांगले. धार घासून आणि रेड ऑक्साइड मारूनच पट्टी घ्यावी, कारण पॅनेलच्या आत हात घालून तारा जोडताना तीच धार बोटाला लागते.

तयार यूएसबी जॉयस्टिक पॅनेलखाली गाडायची असेल तर आधी एक विचार करावा. टी-१६०००एम किंवा लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्री-डी प्रो यांसारख्या जॉयस्टिकची काही बटणे आणि थ्रॉटलची, म्हणजे विमानाचा वेग कमी-जास्त करण्याची, सरकपट्टी बुडावर असतात. बूड खाली गेले की तीही खाली जातात. ‘आफ्टर बर्नर २’ मध्ये थ्रॉटल लागतो. तो हवा असेल तर बूड पॅनेलच्या वर ठेवून भोवती लाकडी चौकट करावी, किंवा थ्रॉटलसाठी स्वतंत्र सरकणारा पॉट जोडावा. बूड उघडून तारा लांबवण्याचा तिसरा मार्ग आहे, पण त्याने वॉरंटी जाते आणि नवख्याने त्यात पडू नये.

आता पडद्यापासूनचे अंतर पाहू. समजा, झुकण्याच्या बिंदूपासून मूठ १८ सेंटीमीटर उंच आहे आणि दांडा २० अंश पुढे झुकतो. त्या वेळी मुठीचा वरचा भाग सुमारे ६ सेंटीमीटर पुढे जातो. त्यात मुठीची अर्धी जाडी आणि बोटांची पेरे यांसाठी आणखी ५ ते ६ सेंटीमीटर धरावेत. म्हणजे दांड्याच्या मध्यापासून पडद्याच्या चौकटीपर्यंत १२ सेंटीमीटर ही अगदी किमान जागा झाली. १५ ठेवली तर पेरे सुखरूप राहतात. मागच्या बाजूला, म्हणजे खेळणाऱ्याच्या पोटाकडेही, तेवढीच मोकळी जागा हवी.

उंचीचाही हिशोब वेगळा आहे. उभ्याने खेळण्याच्या कॅबिनेटचे पॅनेल जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटीमीटरवर असते, आणि आखूड दांड्याला ते ठीक असते. विमानी मुठीमुळे हात त्याच्याही वर जातो आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो. म्हणून पॅनेल ८ ते १० सेंटीमीटर खाली घ्यावे किंवा कॅबिनेट बसून खेळण्याचेच करावे. सेगाने ‘आफ्टर बर्नर’ची मोठी आवृत्ती खुर्चीसह हलणारी केली होती, ती बसूनच खेळायची होती.

सुतारकाम सुरू होण्यापूर्वीच पॅनेलचा मधला भाग वेगळा काढता येईल असा करून घ्यावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. एका पट्टीवर विमानी दांडा आणि दुसऱ्या पट्टीवर आखूड दांडा व बटणे बसवावीत. खालून चार विंग नट सोडवले आणि यूएसबीची एक पिन काढली की पॅनेल बदलले पाहिजे. सुतार याला ‘उगाच वाढीव काम’ म्हणेल, त्याचे ऐकू नये.

पाचवी पायरी: मूठ, चाप आणि स्प्रिंग

मूठ निवडताना वेळ घालवण्यासारखे फार काही नाही. चाप तर्जनीखाली आणि निदान एक बटण अंगठ्याखाली असावे. ‘आफ्टर बर्नर’सारख्या खेळात एकाने तोफ आणि दुसऱ्याने क्षेपणास्त्र सुटते, तेवढ्याने भागते. मूठ गोल पिळून विमानाचे सुकाणू फिरवण्याची सोय, जी बहुतेक घरगुती जॉयस्टिकमध्ये असते, ती आर्केड खेळांत लागत नाही. उलट तिच्यामुळे मूठ सैल भासते. ती नसलेली जॉयस्टिक मिळाली तर उत्तमच. घरात लहान मुले खेळणार असतील तर मुठीचा घेर कमी असलेली घ्यावी आणि स्प्रिंग फार कडक नसावी. दांडा सोडल्यावर तो न डगमगता मध्यावर आला पाहिजे. मध्यावर येऊन दोनदा झुलत असेल तर स्प्रिंग कमजोर आहे.

सहावी पायरी: मेममधील जुळवणी

आधी संगणकाच्या पातळीवर जॉयस्टिक नीट वाचली जाते का ते पाहावे. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची खिडकी आणि लिनक्समध्ये जेएस-टेस्ट यासाठी आहेत. दांडा चारही टोकांना नेऊन कॅलिब्रेशन पूर्ण झाल्यावरच मेम उघडावा.

खेळ सुरू असताना टॅब दाबल्यावर येणाऱ्या यादीत अॅनालॉग नियंत्रणांचा भाग असतो. त्यातील सेन्सिटिव्हिटी म्हणजे दांड्याच्या हालचालीला मिळणारा प्रतिसाद आणि रिव्हर्स म्हणजे दिशा उलटवणे. विमानाचे नाक वर करायला दांडा मागे ओढायचा, ही सवय नसलेल्या घरच्या मंडळींना रिव्हर्सचा मोठा आधार असतो. मेमच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये डेडझोन आणि सॅच्युरेशन अशी आणखी दोन मूल्ये ० ते १ यांच्यामध्ये देता येतात. डेडझोन म्हणजे मध्यावरचा असा पट्टा, जिथे दांडा हलला तरी खेळाला ते कळत नाही. पॉट थरथरत असेल तर तो थोडा वाढवावा. हॉल सेन्सर असेल तर बराच कमी करावा, नाहीतर चांगल्या सेन्सरला दिलेले पैसे वाया जातात. सॅच्युरेशनचे मूळ मूल्य ०.८५ असते, म्हणजे दांडा ८५ टक्के झुकला की तो पूर्ण झुकला असे धरले जाते. दांड्याची चाल आधीच कमी असेल तर ते १ च्या जवळ न्यावे.

दोन यूएसबी जॉयस्टिक एकाच कॅबिनेटमध्ये असतील तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्यांचा क्रम बदलू शकतो आणि पहिल्या खेळाडूचा दांडा दुसऱ्याचे विमान उडवू लागतो. मेमच्या कंट्रोलर फाइलमध्ये प्रत्येक जॉयस्टिकला कायमचा क्रमांक देण्याची सोय आहे, ती वापरावी. खेळांच्या रॉम फाइली (मूळ यंत्राच्या चिपमधील खेळाची प्रत) कॉपीराइटखाली येतात, त्यामुळे त्या कोठून घ्यायच्या हे प्रत्येकाने आधीच ठरवून ठेवावे.

धूळ, ऊन आणि वीज

दांडा ज्या फटीतून वर येतो ती फट उघडी ठेवू नये. जॉयस्टिकसाठी खास रबरी आच्छादन शोधत बसण्यापेक्षा मोटारीच्या गिअर लिव्हरवर असते तसे घडीदार कव्हर गाड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानातून आणावे आणि पत्र्याच्या पातळ चौकटीने पॅनेलला दाबून बसवावे. ते दांड्याच्या चालीला ओढ देत नाही ना, हे चारही दिशांना तपासावे. ओढ देत असेल तर दांडा मध्यावर येत नाही आणि दोष विनाकारण स्प्रिंगला दिला जातो.

कॅबिनेट पश्चिमेच्या भिंतीला किंवा थेट उन्हात ठेवू नये, कारण मे महिन्यात बंद पेटीच्या आतील तापमान खोलीपेक्षाही चढते. मागच्या बाजूला वर एक पंखा आणि खाली जाळीचे तोंड द्यावे. वीज वारंवार ये-जा करत असेल तर संगणकासाठी लहान यूपीएस घ्यावा, आणि लोखंडी पट्टीसह कॅबिनेटचे सर्व धातूचे भाग अर्थिंगला जोडून घ्यावेत. हे काम माहितगार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

ऑर्डर देताना जॉयस्टिकबरोबरच दोन जादा खटके किंवा पॉटची एक जोडी मागवावी आणि ती कॅबिनेटच्या आतच, झाकणाच्या मागे, पिशवीत बांधून ठेवावी. पाठवण्याच्या खर्चात फरक पडत नाही, पण पुढे तोच भाग एकटा मागवायचा झाला तर भागापेक्षा टपालखर्च जास्त होतो.